‘समोर’ आणि ‘विरुद्ध’: स्पॅनिश शब्द निवडण्याआधी वाक्य उलटवून बघा

प्रश्न थोडक्यात असा: ‘समोर’ आणि ‘विरुद्ध’ यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये एनफ्रेंते दे, फ्रेंते आ, देलांते दे, आंते, ओपुएस्तो, कोंत्रारियो असे कितीतरी शब्द सापडतात, शब्दकोशात त्यांचे अर्थ जवळजवळ सारखेच दिसतात, मग कुठे कोणता वापरायचा? सोबत भाषांतरासाठी चार वाक्यं दिली आहेत. रुग्णालयासमोर औषधाचं दुकान आहे. माझ्यासमोर बसलेली बाई डुलक्या घेत होती. गाडी उलट्या दिशेने आली. टेबलाच्या विरुद्ध टोकांना बसलेल्या दोन भावांची मतंही विरुद्ध होती.

वाक्यं चांगली निवडली आहेत, कारण चारही ठिकाणी अडचण वेगळी आहे. मी बरीच वर्षं स्पॅनिशमधून भाषांतराचं आणि शिकवण्याचं काम करते. मराठी माणसाचं स्पॅनिश क्रियापदांच्या रूपांपाशी अडखळतं असं सगळे म्हणतात, पण रूपं पाठांतराने सुटतात. ‘समोर’सारखे शब्द मात्र चुकत राहतात, कारण ते चुकल्याचं कळतच नाही. वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं, फक्त ऐकणारा दुकान रस्त्याच्या भलत्याच बाजूला शोधत बसतो.

मूळ गोष्ट ही की आपला ‘समोर’ फार मोठा शब्द आहे. रुग्णालयाच्या दारात उभी असलेली रुग्णवाहिकाही ‘रुग्णालयासमोर’, आणि रस्त्यापलीकडचं औषधाचं दुकानही ‘रुग्णालयासमोर’. रांगेत आपल्या पुढे असलेला, ज्याची पाठ आपल्याला दिसते, तोही ‘समोरचा’, आणि टेबलापलीकडे बसून आपल्याशी बोलणारा, ज्याचा चेहरा दिसतो, तोही ‘समोरचा’. मराठीत संदर्भावरून भागतं. स्पॅनिशमध्ये, निदान स्पेनच्या स्पॅनिशमध्ये, या दोन जागा वेगळ्या आहेत. एक देलांते दे, दुसरी एनफ्रेंते दे.

फरक ओळखायची माझी कसोटी एकच आहे आणि ती मी पहिल्या दिवसापासून शिकवते: वाक्य उलटवून बघा. ‘अ हा ब-च्या समोर आहे’ हे उलटवल्यावर ‘ब हा अ-च्या समोर आहे’ असं खरं ठरत असेल, तर एनफ्रेंते. उलटवल्यावर ‘ब हा अ-च्या मागे आहे’ असं म्हणावं लागत असेल, तर देलांते. दुकान रुग्णालयासमोर असेल तर रुग्णालयही दुकानासमोर असतं, म्हणून ‘ला फार्मासिया एस्ता एनफ्रेंते देल ओस्पिताल’. रांगेतला माणूस माझ्या पुढे असेल तर मी त्याच्या मागे असते, म्हणून ‘एस्ता देलांते दे मी एन ला कोला’. देलांतेचा विरुद्धार्थी शब्द देत्रास. एनफ्रेंतेला विरुद्धार्थी शब्दच नाही, कारण ते नातं दोन्हीकडून सारखं आहे. दोन चेहरे एकमेकांकडे आणि मध्ये काहीतरी अंतर, रस्ता, टेबल, नदी, चौक, असं चित्र असलं की एनफ्रेंते. एकाच वस्तूला पुढचा भाग आहे आणि दुसरी वस्तू त्या भागाच्या बाजूला आहे, इतकंच सांगायचं असलं की देलांते.

स्पेनची राजधानी माद्रिदमध्ये हा फरक एका रेषेत बघायला मिळतो. राजवाड्याच्या पूर्वेला प्लासा दे ओरिएंते हा चौक आहे. चौकाच्या पलीकडच्या टोकाला तेआत्रो रेआल हे संगीतनाट्यगृह, आणि मधोमध राजा चौथा फिलिप याचा अश्वारूढ पुतळा. नाट्यगृह राजवाड्याच्या एनफ्रेंते आहे, मध्ये अख्खा चौक आहे. पुतळा मात्र राजवाड्याच्या देलांते आहे. ‘राजवाडा पुतळ्याच्या एनफ्रेंते’ असं कोणी म्हणत नाही, ‘राजवाडा पुतळ्याच्या मागे’ म्हणतात, म्हणजे देत्रास. मराठीत मात्र नाट्यगृह आणि पुतळा, दोन्ही राजवाड्यासमोरच.

चौकोनी चौकात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मेक्सिको शहराच्या सोकालो चौकात उत्तरेला कॅथेड्रल आहे आणि पूर्वेला राष्ट्रीय राजवाडा. दोन्ही भव्य, दोन्ही चौकाकडे तोंड करून, पण एकमेकांशी काटकोनात. त्यांना एनफ्रेंते म्हणता येणार नाही. कॅथेड्रलच्या एनफ्रेंते जे आहे ते दक्षिणेचं जुनं नगरपालिका भवन. ‘चौकात समोर दिसतं’ एवढं पुरेसं नाही, तोंडाला तोंड हवं.

आता दुसरं वाक्य, ‘माझ्यासमोर बसलेली बाई’. इथे मी आधी विचारेन, बसलीये कशी? नाट्यगृहात पुढच्या रांगेत बसली असेल आणि तुम्हाला फक्त तिचे केस दिसत असतील, तर ‘ला सेन्योरा सेंतादा देलांते दे मी’. आगगाडीत समोरासमोरच्या बाकांवर असेल आणि तिचा डुलक्या घेणारा चेहरा दिसत असेल, तर ‘एनफ्रेंते दे मी’. वाक्यात डुलक्यांचा उल्लेख असल्याने मी एनफ्रेंते घेईन. पण मान कलंडताना मागून दिसली असेल तर देलांतेही बरोबर. हे ठरवल्याशिवाय भाषांतर होऊच शकत नाही, आणि म्हणूनच असे शब्द भाषांतरकाराला मूळ दृश्य डोळ्यांपुढे आणायला लावतात. रेल्वेच्या बाबतीत आणखी एक उपयोगी शब्द: एकमेकांकडे तोंड केलेल्या आसनांना ‘आसिएंतोस एनफ्रेंतादोस’ म्हणतात. गाडी जाते त्या दिशेने तोंड असेल तर ‘एन एल सेंतिदो दे ला मार्चा’, पाठ असेल तर ‘दे एस्पाल्दास’. हा दे एस्पाल्दास म्हणजे आपला ‘पाठमोरा’, तंतोतंत. ‘दे एस्पाल्दास आ ला पुएर्ता’ म्हणजे दाराकडे पाठ करून. आणि मोटारीत ‘पुढे बसणं’ म्हणजे नुसतं ‘सेंतार्से देलांते’, तिथे एनफ्रेंते म्हटलंत तर गाडीच्या पुढ्यात रस्त्यावर बसल्यासारखं होईल.

इथे एक मोठा अपवाद सांगायला हवा, कारण तो अपवाद अर्ध्या खंडाएवढा आहे. मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतल्या इतर अनेक ठिकाणी एनफ्रेंते दे हा शब्द देलांतेच्या जागेतही पसरला आहे. ‘मुलांसमोर सिगारेट ओढू नकोस’ हे स्पेनमध्ये ‘नो फूमेस देलांते दे लोस निन्योस’, तर मेक्सिकोत ‘एनफ्रेंते दे लोस निन्योस’ सर्रास ऐकू येतं. त्याच खंडात ‘आदेलांते दे’ हेही देलांतेच्या अर्थाने बोललं जातं. स्पेनमध्ये आदेलांते हा शब्द पुढे जाण्याच्या हालचालीसाठी राखून ठेवला आहे, दारावर टकटक झाली की आतून ‘¡आदेलांते!’ असं म्हणतात तो हाच. म्हणजे माझी उलटवण्याची कसोटी बोलताना आणि लिहिताना वापरा, पण मेक्सिकोच्या माणसाचं वाक्य समजून घेताना ती ताठर ठेवू नका. त्याचा एनफ्रेंते आपल्या ‘समोर’सारखाच ऐसपैस असू शकतो.

(जाता जाता: ‘मुलांसमोर’ऐवजी मराठीत ‘मुलांदेखत’ म्हणता येतं. वाक्यात ‘देखत’ बसत असेल, तर स्पेनच्या स्पॅनिशमध्ये देलांते दे, कधीच एनफ्रेंते नाही.)

कोलंबिया आणि पेरूमध्ये रस्त्यापलीकडच्या जागेसाठी ‘आल फ्रेंते’ म्हणायची सवय आहे, ‘आल फ्रेंते दे मी कासा’. इतर ठिकाणी ‘आल फ्रेंते दे’ म्हणजे एखाद्या गोष्टीचं नेतृत्व करणं. ‘एस्ता आल फ्रेंते दे ला एम्प्रेसा’ याचा अर्थ ती कंपनीच्या इमारतीसमोर उभी आहे असा नसून ती कंपनी चालवते असा आहे. पेरूमध्येच ‘दे फ्रेंते’ म्हणजे ‘सरळ, थेट’. रस्ता विचारलात आणि ‘दे फ्रेंते’ असं उत्तर आलं तर सरळ चालत राहा. इतरत्र दे फ्रेंते म्हणजे समोरून: दोन गाड्या ‘चोकारोन दे फ्रेंते’, समोरासमोर आदळल्या.

फ्रेंते आ हा शब्द मला मनापासून आवडतो आणि शिकाऊ माणसाने तो आधी आपलासा करावा असं माझं ठाम मत आहे. त्यात अंतराचा हट्ट नाही. दुकान रस्त्यापलीकडे असो वा निदर्शक मंत्रालयाच्या दारात उभे असोत, दोन्हीकडे फ्रेंते आ चालतं. ‘ला फार्मासिया एस्ता फ्रेंते आल ओस्पिताल’, ‘से मानिफेस्तारोन फ्रेंते आल मिनिस्तेरियो’. समुद्राकडे तोंड असलेलं घर ‘फ्रेंते आल मार’. उरुग्वेचं कोलोनिया देल साक्रामेंतो हे गाव बुएनोस आइरेसच्या फ्रेंते आहे, मध्ये रिओ दे ला प्लाताचं अफाट पात्र. जिथे एनफ्रेंते की देलांते याबद्दल शंका आहे आणि ऐकणारा कोणत्या देशाचा हे माहीत नाही, तिथे मी डोळे मिटून फ्रेंते आ वापरायला सांगते. एवढंच सांभाळा की त्याच्यासोबत ‘आ’ येतो आणि एनफ्रेंतेसोबत ‘दे’. ‘फ्रेंते दे’ असं लिहू नका.

या शब्दाचा दुसरा चेहराही ओळखून ठेवा. वर्तमानपत्र उघडलं की ‘एल एउरो सुबे फ्रेंते आल दोलार’ असं वाचायला मिळतं: युरो डॉलरच्या तुलनेत वधारला. फ्रेंते आ इथे ‘च्या तुलनेत’, ‘च्या विरुद्ध’, ‘ला तोंड देताना’ असे अर्थ घेतो. फुटबॉलच्या बातमीत ‘फ्रेंते आ’, ‘कोंत्रा’ आणि ‘आंते’ तिन्ही एकाच अर्थाने फिरतात: अमुक संघ तमुक संघाविरुद्ध खेळला. हरल्याचं सांगताना ‘पेर्दियो आंते’ फार नेहमीचं. कोंत्राचा मूळ भाव मात्र जोर लावून भिडण्याचा आहे. ‘आपोयादो कोंत्रा ला पारेद’ म्हणजे भिंतीला टेकलेला, भिंतीसमोर उभा असलेला नव्हे. जिथे स्पर्श नाही आणि भांडणही नाही, तिथे कोंत्रा नको.

आंते हा भारदस्त शब्द. न्यायाधीशांसमोर ‘आंते एल हुएस’, कायद्यापुढे ‘आंते ला लेय’, अडचणीला सामोरं जाताना ‘आंते लास दिफिकुल्तादेस’. तिथे कोणाच्या तरी अधिकारापुढे किंवा प्रसंगापुढे आपण उभे असतो. बसथांब्यापुढे उभं राहायला आंते लागत नाही. ललित लेखनात ‘आंते ला पुएर्ता’ असं येतं आणि छान दिसतं, पण रस्ता सांगताना ते फार औपचारिक वाटेल.

सर्वनामांपाशी वाद आहे आणि तो माहीत असायलाच हवा. ‘माझ्यासमोर’ला बोलताना खूप लोक ‘एनफ्रेंते मियो’, ‘देलांते मियो’ म्हणतात. रिओ दे ला प्लाताच्या दोन्ही काठांवर तर ते सुशिक्षितांच्या तोंडीही सहज येतं. स्पॅनिश अकादमीची शिफारस मात्र ‘एनफ्रेंते दे मी’, ‘देलांते दे मी’ अशीच आहे. कारण असं की मियो हे स्वामित्वदर्शक रूप नामाला लागतं, आणि एनफ्रेंते हे क्रियाविशेषण. ओळखायचा उपाय सोपा आहे: स्वामित्वदर्शक शब्द आधी आणता येतो का बघा. ‘आ मी लादो’ म्हणता येतं, म्हणून ‘आल लादो मियो’ शुद्ध. ‘एन मी कोंत्रा’ म्हणता येतं, म्हणून ‘एन कोंत्रा मिया’ही शुद्ध. ‘एन मी एनफ्रेंते’ असं कोणी म्हणत नाही, म्हणून ‘एनफ्रेंते मियो’ औपचारिक लिखाणात टाळायचं. परीक्षा देणार असाल तर हा नियम पक्का करा. बुएनोस आइरेसमध्ये राहणार असाल तर ऐकून दचकू नका.

लेखनाचा प्रश्न छोटा आहे. एनफ्रेंते एक शब्द म्हणून लिहावा की तोडून? दोन्ही मान्य, जोडून लिहिणं जास्त प्रचलित आणि अकादमीला तेच अधिक पसंत. आणि नामाचं लिंग सांभाळा: ‘ला फ्रेंते’ म्हणजे कपाळ, ‘एल फ्रेंते’ म्हणजे आघाडी, मग ती युद्धाची असो, हवामानाची असो वा इमारतीची दर्शनी बाजू.

इमारतींचा विषय निघालाच आहे तर घराच्या जाहिराती वाचणाऱ्यांसाठी. खिडकी कशाकडे उघडते हे सांगायला यातला कोणताच शब्द लागत नाही. तिथे ‘दार आ’ हे क्रियापद येतं: ‘ला बेंताना दा आल पातियो’, खिडकी आतल्या चौकाकडे आहे. बाल्कनी समुद्राकडे ‘बघते’ असंही म्हणतात, ‘मिरा आल मार’. दक्षिणाभिमुख घर ‘ओरिएंतादो आल सुर’. अर्जेंटिनात सदनिका ‘आल फ्रेंते’ म्हणजे रस्त्याच्या बाजूची, आणि ‘कोंत्राफ्रेंते’ म्हणजे इमारतीच्या मागच्या बाजूची. स्पेनमध्ये त्याच फरकाला ‘एक्स्तेरियोर’ आणि ‘इंतेरियोर’ म्हणतात. तेव्हा कोंत्राफ्रेंते वाचून ‘कशाच्या तरी समोर’ असं समजू नका, गोष्ट अगदी उलट आहे.

रस्त्याच्या ‘पलीकडच्या बाजूला’ हे स्पष्टच सांगायचं असेल तर ‘आल ओत्रो लादो दे ला काये’ सर्वात निःसंदिग्ध. लॅटिन अमेरिकेत ‘देल ओत्रो लादो’ही. समोरचा पदपथ स्पेनमध्ये ‘ला आसेरा दे एनफ्रेंते’. पदपथाचं नाव देशागणिक बदलतं: मेक्सिकोत बांकेता, कोलंबियात आन्देन, अर्जेंटिना, उरुग्वे, चिली, पेरूमध्ये बेरेदा. अर्जेंटिनात राजकीय विरोधकाबद्दल तो ‘बेरेदा दे एनफ्रेंते’वर आहे असं म्हणतात. स्पेनमध्ये मात्र एखाद्या माणसाला ‘दे ला आसेरा दे एनफ्रेंते’ म्हणणं म्हणजे तो समलिंगी आहे असं हलक्या, बहुतेकदा टोमण्याच्या सुरात सांगणं. पत्ता सांगताना काही हरकत नाही, माणसाचं वर्णन करताना तो वाक्प्रयोग तोंडात येऊ देऊ नका. शेजाऱ्यासाठी ‘एल बेसिनो दे एनफ्रेंते’ पूर्णपणे निर्धोक आहे.

आता ‘विरुद्ध’ आणि ‘उलट’. इथे समोरचा चेहरा संपतो आणि दोन टोकं सुरू होतात. माझ्या मनातली विभागणी अशी: जागा किंवा ध्रुव असतील तर ओपुएस्तो, हालचाल किंवा प्रतिस्पर्धा असेल तर कोंत्रारियो, क्रम फिरवायचा असेल तर इन्बेर्सो. सीमा पुसट आहेत आणि ‘उलट दिशा’ला ओपुएस्ता, कोंत्रारिया दोन्ही ऐकू येतात, पण विशिष्ट जोड्यांमध्ये भाषेने निवड करून ठेवली आहे आणि ती बदलता येत नाही.

ओपुएस्तोची खरी ताकद भूमितीत दिसते. फाशाच्या विरुद्ध बाजूंची बेरीज सात: ‘लास कारास ओपुएस्तास दे उन दादो सुमान सिएते’. इथे एनफ्रेंते वापरता येणार नाही, कारण त्या बाजू एकमेकींकडे बघत नाहीत, पाठीला पाठ लावून बाहेर बघतात. हा फरक नीट पाहण्यासारखा आहे. दोन बाकं एकमेकांकडे तोंड करून असतील तर एनफ्रेंतादोस, एकाच ठोकळ्याच्या दोन टोकांना असतील तर ओपुएस्तोस. काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू ‘कातेतो ओपुएस्तो’, दोन रेषा छेदल्यावर तयार होणारे विरुद्ध कोन ‘आंगुलोस ओपुएस्तोस पोर एल बेर्तिसे’. वनस्पतिशास्त्रात देठावर जोडीने समोरासमोर येणारी पानं ‘ओहास ओपुएस्तास’, एकाआड एक येणारी ‘आल्तेर्नास’. गणितात पाचाचा ओपुएस्तो म्हणजे उणे पाच, आणि पाचाचा इन्बेर्सो म्हणजे एक पंचमांश. या दोघांची अदलाबदल केली तर उत्तरच चुकतं. बुएनोस आइरेसच्या प्लासा दे मायोमध्ये एका टोकाला कासा रोसादा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, आणि ‘एन एल एक्स्त्रेमो ओपुएस्तो’, विरुद्ध टोकाला, काबिल्दो हे जुनं नगरभवन. टोकांचा उल्लेख आला की ओपुएस्तो आपोआप येतो.

तिसरं वाक्य, ‘गाडी उलट्या दिशेने आली’, हे कोंत्रारियोचं क्षेत्र. पण त्याआधी दिशा. आपल्या ‘दिशा’त दोन कल्पना आहेत आणि शास्त्रीय स्पॅनिश त्या वेगळ्या ठेवते: ‘दिरेक्सियोन’ म्हणजे रेषा कुठली, ‘सेंतिदो’ म्हणजे त्या रेषेवर तोंड कुठे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात म्हणूनच ‘मिस्मा दिरेक्सियोन, सेंतिदो कोंत्रारियो’ हे शब्द शेजारी शेजारी येतात आणि त्यात विसंगती नसते. रोजच्या बोलण्यात दिरेक्सियोन दोन्हींसाठी चालतो. त्यामुळे गाडीचं भाषांतर ‘एल कोचे बेनिया एन सेंतिदो कोंत्रारियो’. लॅटिन अमेरिकेसाठी लिहीत असाल तर कोचेच्या जागी त्या देशातला गाडीचा शब्द, आउतो किंवा कार्रो. दुसऱ्याच्या मार्गिकेत घुसली असेल तर ‘इन्बादियो एल कार्रील कोंत्रारियो’. एकेरी रस्त्यावर उलटी शिरली असेल तर अर्जेंटिनात ‘आ कोंत्रामानो’, आणि महामार्गावर उलट चालवणाऱ्या चालकाला स्पेनच्या बातम्यांमध्ये ‘कामिकासे’ म्हणतात. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला ‘एन सेंतिदो कोंत्रारियो आ लास आगुहास देल रेलोह’, मेक्सिकोत काट्यांना मानेसियास.

कोंत्रारियो आणि ओपुएस्तो या विशेषणांनंतर ‘आ’ येतो, आणि लिंग-वचनाप्रमाणे ती बदलतात. एनफ्रेंते कधीच बदलत नाही. ‘लो कोंत्रारियो’ असं नाम केलं की ‘दे’ चालतं. ‘दे लो कोंत्रारियो’ हा तयार तुकडा ‘नाहीतर’ या अर्थाचा आहे, आणि ‘आल कोंत्रारियो’ म्हणजे ‘उलट, तसं मुळीच नाही’. या तुकड्यांमध्ये ओपुएस्तो घालू नका.

सदरा उलटा घातला, पुस्तक उलटं धरलं, सगळं उलटंच झालं, या मराठी ‘उलटा’ला ‘आल रेबेस’ हा प्रेमळ, घरगुती शब्द. आतली बाजू बाहेर आलेल्या सदऱ्याला स्पेनमध्ये ‘देल रेबेस’. पालथं आणि उताणं मात्र वेगळं: ‘बोका आबाहो’ आणि ‘बोका आर्रीबा’, शब्दशः तोंड खाली, तोंड वर, आणि ते माणसाला जसं लागतं तसं भांड्यालाही. नाण्याच्या दोन बाजू संग्राहकासाठी आन्बेर्सो आणि रेबेर्सो. नाणं उडवताना स्पेनमध्ये ‘कारा ओ क्रुस’, मेक्सिकोत ‘आगिला ओ सोल’, अर्जेंटिनात ‘कारा ओ सेका’, कोलंबिया आणि चिलीत ‘कारा ओ सेयो’.

राहिलं चौथं वाक्य, दोन भावांचं. ते मला सगळ्यात आवडलं, कारण त्यात एकच मराठी शब्द दोनदा आला आहे आणि स्पॅनिशमध्ये तो दोनदा सारखा ठेवला तर वाक्य लंगडं वाटतं. टोकं ‘एक्स्त्रेमोस ओपुएस्तोस’, त्यावर चर्चा नको. मतांसाठी ‘ओपिनियोनेस ओपुएस्तास’ बरोबर आहे, ‘कोंत्रारियास’ही बरोबर आहे. पण एक जुना, सुंदर पर्याय हाताशी आहे: एन्कोंत्रादो. एन्कोंत्रार म्हणजे सापडणं, भेटणं हे पहिल्याच महिन्यात शिकवतात, पण विशेषण म्हणून एन्कोंत्रादोचा एक अर्थ ‘समोरासमोर ठेवलेला’, आणि त्यावरून ‘परस्परविरोधी’. ‘ओपिनियोनेस एन्कोंत्रादास’ म्हणजे एकमेकांना भिडणारी मतं, ‘सेंतिमिएंतोस एन्कोंत्रादोस’ म्हणजे मनात एकाच वेळी उठलेल्या विरुद्ध भावना. भाऊ स्वतःच ‘एनफ्रेंतादोस’ आहेत असं लिहिलं तर त्यांचं भांडण झालेलं आहे असा अर्थ होईल. तुमच्या वाक्यात भांडण नाही, फक्त मतभेद आहे, म्हणून तो शब्द मी टाळेन. मी असं लिहीन: ‘लोस दोस एर्मानोस, सेंतादोस एन एक्स्त्रेमोस ओपुएस्तोस दे ला मेसा, तेनियान तांबिएन ओपिनियोनेस एन्कोंत्रादास’. मतांचं अंतर फारच मोठं असेल, म्हणजे दोघांत एकही मुद्दा जुळत नसेल, तर एक भाऊ दुसऱ्याच्या ‘एन लास आंतीपोदास’ आहे असं म्हणता येतं, म्हणजे पृथ्वीच्या थेट दुसऱ्या बाजूला, जसा स्पेनच्या दृष्टीने न्यूझीलंड. पण त्यासाठी मूळ वाक्यात तेवढी तीव्रता हवी, आणि तुमच्या वाक्यातले भाऊ अजून एकाच टेबलाशी बसले आहेत.